बोट वाळत घातली आहे

आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध खडकवासल्याच्या नळापुरता. तरीही एसेक्समध्ये नोकरी करता करता मी १९६८ सालची सव्वीस फुटी फायबरग्लासची यॉट घेऊन बसलो. याला कारण तानिया एबी. ही अमेरिकन मुलगी १९८५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, काँटेसा २६ जातीची फायबरग्लासची शिडाची बोट घेऊन न्यूयॉर्कहून एकटी निघाली आणि १९८७ मध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आली. तिची बोट सव्वीस फुटी, माझीही सव्वीस फुटी. बाकीचं जुळून येईल, असं मी धरून चाललो.

आईला फोनवर सांगितलं. "मासे पकडणार आहेस?" "नाही गं." "मग माणसं पोचवणार?" "नाही." ती जरा थांबली आणि म्हणाली, "सूनबाईंना माहितेय का?"

फायबरग्लासची ख्याती अशी, की लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, हे मात्र अमर. साठच्या दशकात बांधणाऱ्यांनाच या नव्या प्रकरणाचा पुरता भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी काचेच्या मॅटचे थर सढळ हाताने चढवले. त्यामुळे त्या पिढीच्या बऱ्याच बोटी अजून धडधाकट आहेत. फक्त पॉलिएस्टर रेझिनमधून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपतं, तिथल्या रसायनांशी संगनमत करतं आणि जेलकोटवर, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरावर, फोड उठतात. या दुखण्याला ऑस्मॉसिस म्हणतात.

विमावाल्यांना तपासणी हवी होती म्हणून सर्व्हेयर आले. हातात छोटीशी हातोडी. बुडावर ठक ठक करत ते दोनदा फेरी मारून आले, मग एक फोड टोच्याने फोडला. पिवळसर, चिकट थेंब ओघळला. "वास घ्या," म्हणाले. घेतला. व्हिनेगर! ओल मोजायच्या यंत्राचा काटा तर पार टोकाला जाऊन टेकला होता.

उपाय सोपा होता. जेलकोट सोलायचा, बोट कित्येक महिने वाळवायची आणि मग वर एपॉक्सी रेझिनचे थर चढवायचे. वाळवायची कुठे, तर इंग्लंडमध्ये! आई गच्चीवर कुरडया घालायची तेव्हा निदान वर ऊन असायचं. त्यात आतली रसायनं हवेतली ओल धरून ठेवतात, ती निघून जावीत म्हणून बोट गोड्या पाण्याने वरचेवर धुवायची. म्हणजे पाण्यातून काढलेली बोट वाळावी म्हणून मी दर शनिवारी तिच्यावर पाइप सोडून उभा. बोटयार्ड मॉल्डनजवळ. हे गाव मिठासाठी नावाजलेलं आहे आणि जखमेवर चोळायलाही तिथे कोणी हात आखडता घेत नाही. शेजारचे म्हातारबुवा येता-जाता विचारत, "अजून ओलीच का?"

जेलकोटच्या आधी बुडाचा शेवाळरोधक निळा रंग खरवडायचा होता. चष्मा, मास्क, डगला असा जामानिमा करूनही त्याच संध्याकाळी मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो तेव्हा दोन्ही कान निळे होते. "कृष्ण का?" एका वहिनींनी विचारलं. नाटक बसत होतं, त्यांना कृष्ण हवाच होता. माझं पोट बघून त्यांनी विचार बदलला.

मालवणच्या मेहुण्याच्या दोन फायबरच्या होड्या आहेत. तो म्हणाला, "भावोजी, घासा, मॅट लावा, रेझिन मारा, सोडा पाण्यात. आम्ही सकाळी लावतो, संध्याकाळी होडी धंद्याला." त्याच्या जोरावर मी एपॉक्सी एकदम डबाभर कालवलं. एपॉक्सी घट्ट होताना तापतं, आणि जेवढं जास्त एका ठिकाणी तेवढं लवकर तापतं. पहिला हात फिरवेपर्यंत डब्यातून धूर निघू लागला, बूड वितळलं, आणि ब्रश आत असा उभा राहिला की वर झेंडा लावायचाच बाकी होता. म्हातारबुवांनी खुर्ची आणली.

अखेर यंदा काटा खाली आला. थर चढले, बूड आरशासारखं झालं. सर्व्हेयर पुन्हा आले, ठक ठक करत खूश झाले आणि सहज शिडीवरून डेकवर गेले. ठक. ठक. थप्प. डोलकाठीच्या आसपास सगळीकडे थप्प.

"डेकच्या दोन थरांमध्ये बाल्साचं लाकूड भरलेलं असतं," ते म्हणाले. "भिजलंय."

"वाळायला किती लागेल?" मी पाइपकडे बघत विचारलं.

"हे वाळवायच्या पलीकडे गेलंय. वरून कापायचं, काढायचं, नवीन भरायचं."

म्हातारबुवा खुर्ची घेऊन या बाजूला आले.

बोटीच्या सामानाच्या दुकानात मला आता उधारी मिळते.