मोटारीसोबत दुचाकी फुकट

बारावी संपली की ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात गर्दी होते. पोरगं अठराचं झालेलं असतं, वडील सोबत आलेले असतात, आणि स्कूलवाला अर्ज भरता भरता म्हणतो, "टू-व्हीलरपण टाकून देतो की!" वडील मान हलवतात. दोन्ही खुणा होतात.

खुणा दोन्ही हव्यातच. मोटारीच्या लायसनवर स्कूटरही चालते हा समज शिकल्यासवरल्या घरांत आहे आणि तो साफ चुकीचा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी आणि मोटार हे वेगवेगळे प्रकार आहेत. पहिल्या अर्जातच एक प्रकार वाढवायला केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगचे 150 आणि टेस्टचे 300 रुपये लागतात. तो नसताना सापडलात तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड आहे 5,000. अपघात झाला तर विमा कंपनी आधी लायसनच मागते.

मुलीच्या अर्जात मात्र तिला न विचारताच बिनगिअरवर खूण होते. "हिला काय, ॲक्टिव्हाच तर चालवायचीय!" गिअरच्या लायसनवर स्कूटर चालते, बिनगिअरच्या लायसनवर मोटारसायकल चालत नाही. रात्री आजीला दवाखान्यात न्यायचंय आणि दारात फक्त भावाची मोटारसायकल उभी आहे, तेव्हा या मुलीनं काय करायचं? बापानं हे आधी सांगावं.

आता शिकवण्याचं बघा. मोटार शिकवायला शेजारी माणूस बसतो, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, रोज ठरलेल्या वेळी फेरी होते. दुचाकी कोण शिकवतं? कुणीच नाही. टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मित्राच्या गाडीवर पाय न टेकता आठचा आकडा काढायचा, की झालं. तो आठ तर चालत्या माणसाच्या वेगानं काढतात. पुढचा ब्रेक किती आणि कधी दाबायचा, पहिल्या पावसात रस्ता तेलकट होतो तेव्हा वळण कसं घ्यायचं, मागे माणूस बसला की गाडी थांबायला किती जास्त अंतर लागतं, ट्रकवाल्याला आपण कुठे असताना दिसतच नाही, यातलं काहीही कुणी सांगत नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. सगळ्यात जास्त माणसं ज्या वाहनावर मरतात, ते शिकवायला आपण एक सकाळही देत नाही. हा आईबापांचा, स्कूलवाल्यांचा आणि सरकारचा मिळून केलेला निष्काळजीपणा आहे.

ब्रिटनमध्ये शिकाऊ माणसाला साधी सव्वाशे सीसीची गाडी रस्त्यावर आणण्याआधी सक्तीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात प्रशिक्षकासोबत प्रत्यक्ष रस्त्यावर चालवूनही दाखवावं लागतं. दुचाक्यांनी भरलेल्या पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात याची गरज त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. परिवहन खात्यानं दुचाकीच्या टेस्टमध्ये निदान अचानक ब्रेक लावून गाडी सरळ थांबवणं तरी घालावं. मैदान आहे, निरीक्षक आहे, पांढरे पट्टे आखले की काम होतं.

तोवर फी भरायच्या आधी स्कूलवाल्याला विचारा: दुचाकी शिकवायला माणूस कोण, आणि तो किती दिवस येणार? तो हसला तर पैसे खिशात ठेवा आणि दुसरं स्कूल शोधा.