बोटीचा ओटा, मार्गे भोसरी

पिंपरी-चिंचवडला तीन नद्या आहेत, समुद्र नाही. शहर समुद्रसपाटीच्या साडेपाचशे मीटर वर बसलेलं. खाऱ्या पाण्यात पाय बुडवायचा तर घाट उतरून शंभर किलोमीटरच्या पलीकडे जावं लागतं. तरीही परवाच्या पावसाळ्यात निगडी प्राधिकरणातल्या एका घराच्या जेवणाच्या टेबलावर बोटीचं अख्खं स्वयंपाकघर येऊन पडलं. पुठ्ठ्याचं होतं, पण मापात होतं.

आणलं होतं भाच्याने. तो मुंबईला नोकरीला. त्याने दोन मित्रांबरोबर जुनी, सव्वीस फुटी शिडाची बोट घेतली. पावसाळ्यात अशा बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात आणि मालक लोक तेवढ्यात दुरुस्त्या उरकतात. दुरुस्तीच्या यादीत पहिला होता ओटा. बोटीतल्या स्वयंपाकघराला दर्यावर्दी ‘गॅली’ म्हणतात, आणि या गॅलीत एक शेगडी, एक टीचभर सिंक आणि दोन्हींच्या मधे सोळा इंच बाय अकरा इंचांचा सपाट तुकडा होता. तोच ओटा. त्यावर कांदा चिरायला घेतला की बटाटा मांडीवर आणि बटाटा घेतला की सुरी दातांत.

मामा पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांनी पुठ्ठ्याला व्हर्नियर लावला आणि जाहीर केलं, “यात काही नाही. भोसरीत अर्ध्या दिवसाचा जॉब आहे.” मामी म्हणाल्या, “अहो, घरच्या ओट्यावर तीन वर्षं तुमचा बंद पडलेला मिक्सर दुरुस्तीची वाट बघत बसलाय. त्याला आधी भोसरी दाखवा.” मिक्सर घरीच राहिला. मामी मात्र निघाल्या, आणि निघताना पोळपाट, लाटणं आणि परात बरोबर घेतली. पोळी लाटता आली तर ओटा, नाहीतर नुसती फळी, अशी त्यांची कसोटी होती. इंजिनिअरिंगमध्ये याला ‘ॲक्सेप्टन्स टेस्ट’ म्हणतात आणि ती सहसा इतकी स्पष्ट नसते.

निगडीहून भोसरीला जायचं तर नाशिक फाट्याला वळायचं. तिथे जे. आर. डी. टाटांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. पुलाला मजले आहेत, वळसे आहेत, आणि तो एकदा चुकला की गाडी कुठे उतरेल हे चालवणाऱ्याच्या पुण्याईवर असतं. गाडी भाचा चालवत होता, रस्ता मामा सांगत होते. सगळे दापोडीला उतरले.

पण ही चूक प्रवासाला मानवली. दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, आणि मुळेच्या काठाला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, म्हणजे लोकांच्या तोंडचं सीएमई. भाच्याने गाडी बाजूला घेतली आणि भक्तिभावाने फाटकाकडे पाहिलं. ज्या कोअर ऑफ इंजिनिअर्सची ही शाळा, त्याच कोअरच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ नावाच्या ३७ फुटी शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी मारली. शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पूल बांधणारे, सुरुंग काढणारे लोक! “सदतीस फुटांत इतक्या जणांचा स्वयंपाक,” भाचा म्हणाला. “आणि ओटा?” मामींनी विचारलं. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

सैन्याचं नौकानयनाचं केंद्रही याच आवारात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ इथेच तयार झाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. त्या होडीचं किमान वजन नियमाने १४ किलो असतं. तिच्यात ओट्याचा प्रश्नच येत नाही. सिलिंडर चढवला तर होडीपेक्षा सिलिंडरच जड व्हायचा.

परत फिरताना फुगेवाडीजवळ प्लायचं दुकान लागलं. दुकानदाराने न विचारताच ‘सातशेदहा’ दाखवला. आयएस ७१० हे मरीन प्लायवुडचं भारतीय मानक. उकळत्या पाण्यालाही सुटणार नाही अशा डिंकाने पापुद्रे चिकटवलेले असतात. पिंपरी-चिंचवडमध्ये हा प्लाय घरोघरी सिंकखाली, ट्रॉल्यांच्या पेटीत, बाथरूमच्या दारात आहे. “कुठे लावायचाय? किचनला?” दुकानदार. “बोटीला,” भाचा म्हणाला. दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे नीट पाहून घेतलं. नाव ‘मरीन’, पण आजवर त्याच्या दुकानातला एकही तुकडा घाट उतरला नसावा.

भोसरीत पोचल्यावर मामांच्या लक्षात आलं की आज गुरुवार. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार म्हणजे आठवडी सुट्टी. एरवी लेथ, प्रेस आणि ग्राइंडरच्या आवाजात माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही, तिथे चिमण्या ऐकू येत होत्या. अठ्ठावीस वर्षं गुरुवारी घरी बसलेल्या माणसाने गुरुवारच विसरावा, यावर मामी पुढचे दोन किलोमीटर बोलल्या.

एका गल्लीत एक शटर अर्धं वर होतं. आत फॅब्रिकेटर एकटा बसून उधारीच्या वह्या चाळत होता. मामांनी ड्रॉइंग पुढे केलं: तीन बाजूंनी चित्र, मापं मिलिमीटरच्या शतांशापर्यंत. फॅब्रिकेटरने ते उलटसुलट पाहिलं. “साहेब, टॉलरन्स किती धरू?” मामा भाच्याकडे पाहायला लागले. “लाटेवर आहे,” भाचा म्हणाला.

इथे खरी अडचण कळली. बोटीत काटकोन नसतो. भिंत वाकलेली, तळ निमुळता, छत उतरतं. जिथे घरात गुण्या लावून काम होतं तिथे बोटीत पुठ्ठा कापून, पुन्हा कापून, बसेल तसा साचा काढावा लागतो. मामांचं सुंदर ड्रॉइंग एका बाजूला झालं आणि सांबाराचे डाग पडलेला पुठ्ठा टेबलावर आला.

मामांची मूळ योजना शेगडीवरच फळी टाकायची होती. शेगडी बंद असली की वर ओटा, सरळ हिशेब. पण शिडाची बोट वाऱ्याने एका कुशीवर कलते, पंधरा-वीस अंश सहज. पातेलं सांडू नये म्हणून शेगडी दोन खिळ्यांवर झुलती टांगलेली असते, या टांगणीला गिंबल म्हणतात. बोट कलली तरी शेगडी सरळ राहते. मामांच्या फळीचं एक टोक झुलत्या शेगडीवर आणि दुसरं पक्क्या ओट्यावर होतं. “म्हणजे बोट कलली की हे करवतीसारखं चालणार,” फॅब्रिकेटरने निदान केलं, “नाहीतर बिजागरी तुटणार.” मामा पाणी प्यायला बाहेर गेले.

दुसरी योजनाही गेली. डेकवरच्या पेटीतला सिलिंडर आत सिंकखाली घ्यायचा आणि त्या पेटीचं झाकण ओटा म्हणून वापरायचं, असं त्यांच्या मनात होतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. फ्लॅटमध्ये गळला तर खिडकी-दाराखालून वाट तरी मिळते. बोटीच्या तळाला दारच नसतं, गॅस तिथे साचून ठिणगीची वाट पाहत बसतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या पेटीत आणि पेटीला खालून समुद्रात उघडणारं भोक. यावर वाद झाला नाही. टूलरूमच्या माणसाला अपघाताचं गणित लगेच कळतं.

मग उरलं ते फॅब्रिकेटरने दहा मिनिटांत बसवलं. ओट्याच्या टोकाला पियानो हिंजवर खाली लोंबणारी पाटी, उचलली की घडीच्या ब्रॅकेटवर आडवी, काम नसलं की पुन्हा खाली. स्टीलबद्दल त्याने स्वतःहून विचारलं: ३०४ की ३१६? घरच्या भांड्यांना ३०४ पुरतं, पण खाऱ्या हवेत त्याच्यावर तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये मोलिब्डेनम असतं, ते क्षाराला सहजासहजी दाद देत नाही. भाव ऐकून भाच्याने ब्रॅकेट आणि स्क्रू ३१६ चे, पाटी ‘सातशेदहा’ची, अशी तडजोड केली. पाटीला चहूबाजूंनी बोटभर उंच कड, आणि कोपऱ्यात कड तोडलेली. “हे तोडायचं कशाला?” मामा. “पुसताना कचरा निघायला नको का?” हे मामी म्हणाल्या. बोट त्यांनी आयुष्यात आतून पाहिली नव्हती.

सिंकवर टाकायच्या फळीसाठी मात्र चाकणला जायचं ठरलं. मामांचा एक जुना शागीर्द तिथे सुट्या भागांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि त्याच्याकडे एचडीपीईचे तुकडे पडून असतात. हे प्लास्टिक फुगत नाही, कुजत नाही, आणि पाण्याहून हलकं असल्यामुळे बोटीतून पडलं तरी तरंगतं. असा ओटा जगात दुसरा नाही.

मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि मामांनी सागरी चाचणी सुरू केली. मागच्या सीटवर मामींच्या मांडीवर नमुन्याची फळी, फळीवर पोळपाट, पोळपाटावर लाटणं. कुरुळीपर्यंत लाटणं तीनदा खाली गेलं, एकदा गिअरपाशी सापडलं. खड्डा पुढून येतो, लाट बाजूने येते, एवढा फरक सोडला तर चाचणी रास्त होती. निष्कर्ष: कड आणखी अर्धा इंच उंच.

चाकणच्या तळेगाव चौकात गाडी थांबली ती थांबलीच. जवळच संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी तो शायिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला. आता त्या गावाला रोज संध्याकाळी वेढा पडतो, आणि तो कंटेनरचा असतो. मामांना या वेळेत बोलायला मिळालं. पहिल्यांदा एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली, सागवानी, फक्त ३२ फुटी. १९६८-६९ मध्ये तो ३१२ दिवस तिच्यात होता. एकट्याने फेरी पुरी करणारा पहिला भारतीय दिलीप दोंदे, नौदलातला मराठी माणूस, २००९-१० मध्ये. त्याची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांनी बांधली. त्याच ठिकाणी बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी फेरी केली. “एकट्याला ओटा किती लागतो?” मामी म्हणाल्या. “कढईतच जेवत असेल. त्या सहाजणींनी काय केलं ते सांगा.” चौक हलला, विषय राहिला.

कारखान्यात शागीर्द पाया पडला आणि मग अभिमानाने शॉप फ्लोअर दाखवायला घेऊन गेला. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, पाना गेला की आकृती ओरडते. वर पाच जपानी शब्द: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, तसंच राखा, सवय लावा. मामींनी पाटी पूर्ण वाचली. “हे मी लग्नापासून सांगतेय,” त्या मामांना म्हणाल्या, “मला कोणी पाटी करून दिली नाही.” एचडीपीईचा काळा तुकडा शागीर्दाने स्वतःच बाजूला ठेवला, तो पुनर्वापराचा, त्यावर भाजी चिरू नये. पांढरा, कोरा तुकडा मिळाला. खालून दोन पट्ट्या ठोकल्या की सिंकमध्ये अडकून बसणार, सरकणार नाही.

पण ओट्याचा निकाल लागला तो म्हाळुंग्याच्या रस्त्यावर. गाडी उतरवायची पाळी येईपर्यंत ट्रेलरवाले तिथे कडेला थांबतात आणि तिथेच रांधतात. एका ट्रेलरच्या पोटाला लोखंडी पेटी होती, तिचं दार साखळीवर आडवं उघडलेलं. दारावर कांदा, मिरची, मीठ. स्टेपनीवर पाट, पाटावर डबे. शेगडी खाली, वाऱ्याच्या आड. भाचा साखळीचं माप घ्यायला वाकला.

“काका, काय हुडकताय?” ड्रायव्हर बीडचा निघाला. सगळी हकिकत ऐकून तो हसला. “पोळ्या कशाला लाटता? भाकरी थापा की. पीठ परातीत, मळायचं परातीत, थापायची परातीत. ओटा लागतोच कशाला?”

मामींनी डिकीतून परात काढून त्याच्या हाती दिली. त्याने तिथेच, दोन चाकांच्या मधे उकिडवं बसून, एक थापून दाखवली.

दिवाळीच्या आधी बोट पाण्यात गेली. १७६ चौरस इंचांचा ओटा लोंबती पाटी आणि सिंकवरची फळी धरून जवळपास ६०० चौरस इंचांचा झाला, आणि पाटी खाली सोडली की जायला-यायला वाटही मोकळी राहते. मामींनी गेटवेजवळ नांगरलेल्या बोटीत पोळपाट मांडून पाहिला आणि ओटा पास केला. पोळ्या मात्र नापास. बोटीवर भाकरीच होते. कोणाला असा जॉब टाकायचा असेल तर पुठ्ठ्याचा साचा बरोबर न्यावा, ड्रॉइंग घरी ठेवावं, आणि गुरुवारी भोसरीला जाऊ नये.