पावणेतीनचा स्लॉट

बँडमध्ये सगळ्यांत महत्त्वाचं कोण यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात. गिटारवाला म्हणतो गिटार, ड्रमर म्हणतो ड्रम्स. बेस वाजवणारा काहीच म्हणत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. मला विचाराल तर बँडमध्ये सगळ्यांत महत्त्वाचं माणूस म्हणजे ज्याच्याकडे सात सीटची गाडी आहे ते. माझ्या भाच्याच्या बँडमध्ये ते माणूस मी आहे.

महोत्सवात ड्रमसेट आयोजक देतात. पण झांजा, स्नेअर आणि पायातलं डबल पेडल ज्याचं त्यानं आणायचं असा या धंद्यातला रिवाज आहे. त्यामुळे गाडीत आधी झांजांची पिशवी बसते, मग तीन गिटारी, पेडलबोर्डच्या पेट्या, वायरींची भेंडोळी आणि उरलेल्या फटींमध्ये चार मुलं. झांजांना सीटबेल्ट लावतात. मुलांना लावत नाहीत, ते मी ओरडून लावायला लावते. आयुष्यभर विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काम केल्याचा हा परिणाम.

मुलं मेटल वाजवतात. बँडचं नाव मी सांगत नाही, म्हणजे मला सांगताच येत नाही. ते त्यांच्या काळ्या टी-शर्टावर छापलंय, पण मला त्यात नुसत्या वाळक्या फांद्या दिसतात. “मावशी, वाचता येत नाही हाच तर पॉइंट आहे,” असं भाचा म्हणतो. आमच्या खात्यात नाव सुवाच्य अक्षरांत नसेल तर अर्ज परत जायचा. त्या मानानं मुंबईच्या एका बँडनं किती सोय केली आहे! नाव सरळ ‘भयानक मौत’. देशभर नाव कमावलं त्यांनी. वाचता येतं, कळतं आणि वेळ आलीच तर फॉर्मवर ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात जसंच्या तसं भरता येतं.

तर महोत्सव पुण्याबाहेरच्या एका लॉन्सवर होता. पोस्टरवर वरचं नाव हाताच्या पंज्याएवढं, त्याखालचं बोटाएवढं, आणि असं उतरत उतरत अगदी तळाला, मुद्रकाच्या नावाच्या वरच्या ओळीत, आमच्या फांद्या. वेळ दुपारी पावणेतीन.

मेटल आणि दुपारचे पावणेतीन यांचा काय संबंध, असा प्रश्न मला पडला. उत्तर कायद्यात सापडलं. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले थोडे दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक गणपती आणि नवरात्रीच्या वाट्याला जातात. म्हणजे पंज्याएवढ्या नावानं दहाला संपवायचं, म्हणून त्यानं साडेआठला सुरू करायचं, म्हणून बोटाएवढ्यानं सातला, असं मागे मागे मोजत आलं की नव्या पोरांच्या अंगावर थेट ऊन येतं. अंधाराची, थडग्यांची, प्रलयाची गाणी लिहायची आणि ती टळटळीत उन्हात, काळे कपडे घालून, डोळे किलकिले करत गायची.

मुलांना वाटतं कायदा त्यांच्याच मागे लागलाय. त्यांना मी रंगभवनाची गोष्ट सांगते. मुंबईत धोबी तलावला रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह आहे. 1986 मध्ये तिथे इंडिपेंडन्स रॉक सुरू झाला. आय-रॉक म्हणायचे त्याला. मी तेव्हा जवळच्याच कॉलेजात होते. आत कधी गेले नाही, कारण आत जायला जे धैर्य लागतं ते आमच्या घरात सातच्या आत संपायचं. पण बाहेर मेट्रो सिनेमाच्या बाजूला बसची वाट पाहताना जे काही ऐकू यायचं ते फुकट असायचं. तेव्हाचे बहुतेक बँड परदेशी बँडांचीच गाणी वाजवायचे. स्वतःचं गाणं वाजवायचं म्हणजे पब्लिकच्या शिव्या खायची तयारी लागायची. तरीही स्वतःची गाणी लावून धरणारे होते. रॉक मशीन त्यातलं मोठं नाव. पुढे 1993 मध्ये ते इंडस क्रीड झाले. मग शांतता क्षेत्राचा नियम आला. इस्पितळ, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरच्या आत आवाजाची मर्यादा दिवसा 50 डेसिबल. रंगभवनाच्या भोवती इस्पितळंही आहेत आणि कॉलेजही. 50 डेसिबलमध्ये माझा मिक्सरसुद्धा चटणी वाटू शकत नाही, तिथे ड्रमर काय करणार? 2003 च्या सुमारास रंगभवनातले कार्यक्रम थांबले. इस्पितळातल्या पेशंटची बाजू मला पटते. क्लेम त्यांचेच यायचे ना माझ्याकडे. पण त्या बसस्टॉपचं नुकसान झालं ते झालंच.

पुण्याबाहेरचं हे लॉन्स एरवी लग्नाचं. स्टेजमागे दोन खोल्या. आमच्या मुलांना ‘वधूपक्ष’ मिळाली. ‘वरपक्ष’मध्ये एक पंक बँड होता आणि एसी अर्थातच वरपक्षाच्याच खोलीत चालू होता. मेटलवाले आणि पंकवाले यांचं पूर्वी परदेशात फार पटायचं नाही म्हणे. इथे मात्र पंकवाल्यांकडे जास्तीची नऊ व्होल्टची बॅटरी होती आणि आमच्याकडे चिवडा. अर्ध्या तासात सोयरीक जमली.

नव्या बँडला साउंडचेक मिळत नाही. मिळतो तो लाइनचेक, म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतोय एवढं बघायचं आणि पुढचं देवावर सोडायचं. हा देव मैदानाच्या मध्यावर एका तंबूत, मिक्सरसमोर, टोपी घालून बसलेला असतो. स्टेजवरची चार मुलं एकाच वेळी त्याला चार गोष्टी मागतात. “मॉनिटरमध्ये गिटार थोडी वाढवा ना, सर.” तो अंगठा दाखवतो. काहीही बदलत नाही. मुलं म्हणतात, “परफेक्ट, सर!” विम्याच्या हेड ऑफिसशी माझा पत्रव्यवहार याच धर्तीवर चालायचा.

समोर प्रेक्षक मोजके. त्यात आधी वाजवून गेलेला बँड, नंतर वाजवणारा बँड, त्यांचे मित्र, ड्रमरची आई आणि मी. मराठी कविसंमेलनात जसे श्रोत्यांत सगळे आपली पाळी येण्याची वाट बघणारे कवीच असतात, तसंच. फरक इतकाच की इथली मंडळी दुसऱ्याचं चालू असताना माना डोलवतात, त्याही जीव जाईल इतक्या जोरात. कवींनी हे शिकण्यासारखं आहे.

अर्धा तास मिळतो. मेटलवाल्यांची गाणी सहा-सात मिनिटांची, त्यामुळे चार गाण्यांत खेळ खलास. पंकवाल्यांनी तेवढ्याच वेळात चौदा वाजवली. सरकारवर, बॉसवर, सोसायटीच्या पार्किंगवर. एक गाणं मला आवडलं असं म्हणेपर्यंत संपलं होतं. भाच्यानं माझ्या ज्ञानात भर घातली की हे काहीच नाही. इंग्लंडच्या नेपाम डेथ या बँडचं 1987 मध्ये आलेलं एक गाणं 1.316 सेकंदांचं आहे आणि गिनेस बुकात त्याची नोंद आहे. आपल्याकडे सूत्रसंचालक माइकवर फुंकर मारतो त्याला याहून जास्त वेळ लागतो.

आमचा गायक एरवी इतका हळू बोलतो की फोनवर त्याला तीनदा “काय?” विचारावं लागतं. तो तोंड उघडून जे काही बाहेर काढतो ते ऐकून ड्रमरच्या आईनं माझा हात घट्ट धरला. मी तिला समजावलं की हा घसा फाडणं नव्हे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते, तिचा वापर करून, पोटातून श्वास लावून हा आवाज काढतात. चुकीच्या पद्धतीनं केलं तर आठ दिवसांत आवाज बसतो. म्हणून हा मुलगा दही खात नाही, बर्फ घालत नाही, थर्मासमधून कोमट पाणी आणतो आणि गाण्याआधी वीस मिनिटं कुणाशी बोलत नाही. थडग्यातून उठलेल्या प्रेताचा आवाज काढण्यासाठी इतकं पथ्य पाळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. रियाज तो पार्किंगमध्ये गाडीच्या काचा बंद करून करतो. वॉचमननं एकदा दार उघडून पाणी विचारलं होतं.

या संगीताबद्दल वाचायला लागल्यावर मला कळलं की त्याच्या मुळाशी आमच्याच खात्यातली एक केस आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनवर गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी हीच बोटं. आमच्या भाषेत ‘अंशतः कायमचे अपंगत्व’. फाइल बंद. पण त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या उतरवून आणखी सैल केल्या, म्हणजे कमी जोरात दाबता याव्यात. त्यातून तो जड, खोल, घरंगळणारा आवाज आला. 1970 साली त्याच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम निघाला आणि पुढची पन्नास वर्षं जगभरची धडधाकट बोटांची पोरं तशाच सैल तारा लावून वाजवत बसली आहेत. मी निवृत्तीआधी हे वाचलं असतं तर काही फाइली इतक्या घाईनं बंद केल्या नसत्या.

आणि ती दोन बोटांची खूण, तर्जनी आणि करंगळी वर करून दाखवतात ती. माझ्या बहिणीला ती सैतानाची वाटते आणि त्यापायी घरात दोनदा रडारड झाली आहे. ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकानं. 1979 मध्ये तो ऑझी ऑस्बोर्नच्या जागी सॅबथमध्ये आला. ऑझी दोन बोटांनी शांतीची खूण करायचा, तर आपली काहीतरी वेगळी हवी म्हणून यानं ही निवडली. कुठून? त्यानंच सांगितलंय, आजीकडून. डिओची इटालियन आजी रस्त्यात कुणी वाईट नजरेनं बघितलं की ही खूण करायची. म्हणजे गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगभरचे केस वाढवलेले दांडगे बाप्ये मैदानात उभे राहून, हात वर करून, एकमेकांची दृष्ट काढत आहेत. हे मी बहिणीला सांगितलं. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनं मुलाला विचारलं की मीठ-मोहऱ्या पण लागतात का.

मुलांचं स्वप्न आहे वाकेन. जर्मनीच्या उत्तरेला दोनेक हजार वस्तीचं, गाईगुरांचं गाव. 1990 मध्ये तिथल्या पोरांनी सहा जर्मन बँड आणून जत्रा भरवली. आता दर उन्हाळ्यात पाऊण लाखाच्या वर लोक येतात, आणि उद्घाटन कोण करतं, तर गावच्या अग्निशमन दलाचा बँड. गणवेश घालून तुताऱ्या वाजवतात आणि काळ्या कपड्यांतला समुदाय त्यावर नाचतो. 2019 मध्ये दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड तिथे ढोल घेऊन गेला. ढोल! पुण्यात ज्या आवाजाविरुद्ध मी दरवर्षी ऑगस्टमध्ये खिडक्या लावून घेते, तो ऐकायला जर्मन लोक तिकीट काढून चिखलात उभे राहतात. हे समजल्यापासून आमचा ड्रमर ढोल पथकात जायला लागलाय आणि त्याच्या आईला वाटतंय की मुलगा सुधारला.

शेवटच्या गाण्याला भाच्यानं समोरच्यांना हातवारे करून दोन भागांत उभं केलं. मी अर्थातच मधोमध. ड्रमरच्या आईला वेळेवर कुणीतरी बाजूला घेतलं. मला वाटलं रांग लावतायत. मग ड्रम्स सुटले आणि दोन्ही बाजू एकमेकांवर धावून आल्या. मी पडले. पण पाठ जमिनीला टेकायच्या आत सहा हातांनी मला उचललं होतं. पडलेल्याला आधी उचलायचं, हा तिथला एकमेव नियम आणि तो शंभर टक्के पाळला जातो. आमच्या लोकलमध्ये पाळला जात नाही. मानेपर्यंत गोंदवलेल्या, नाकात कडी घातलेल्या एका धिप्पाड मुलानं माझा चष्मा गवतातून शोधला, स्वतःच्या टी-शर्टानं पुसला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला,

“काकू, नंबर किती हो तुमचा?”

सांगितला.

“माझा त्याच्या दुप्पट आहे,” तो म्हणाला. “पण मी घरीच ठेवून येतो. फुटतो इथे.”

“अरे, मग तुला दिसतं तरी का कोण येतंय अंगावर?”

“नाही ना, काकू,” त्यानं चष्मा माझ्या कानांवर नीट बसवला. “दिसलं असतं तर आलो असतो का?”