आरोपी नेहमी बॅटरीच

गाडीत नवी म्युझिक सिस्टीम बसली, दोन दिवस सोसायटीच्या खिडक्या थरथरल्या आणि तिसऱ्या सकाळी चावी फिरवल्यावर स्टार्टर नुसता ‘टक्’ करून गप्प झाला, की आपल्याकडे एकमताने बॅटरीला फासावर चढवतात. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. परवा गाडीत जिने पाऊल ठेवलं ती सिस्टीम निर्दोष आणि इमानेइतबारे राबलेली बॅटरी गुन्हेगार! यामागे तंत्रज्ञान नाही, व्यापार आहे. बॅटरी विकता येते. चुकीच्या जागी पिळलेल्या वायरीचं बिल फाडता येत नाही.

पुरावा मात्र डॅशबोर्डच्या मागे लोंबकळत असतो. डेकला साधारणपणे दोन पॉझिटिव्ह वायरी असतात. पिवळी थेट बॅटरीवर, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला; लाल चावीवर. मूळ वायरिंगला जुळणारा कपलर थोडक्या पैशांत मिळतो, पण तो लावण्यात कसली आलीय कारागिरी? म्हणून कटर चालतो. चावीची लाइन शोधायचा कंटाळा आला, की पिवळी आणि लाल एकत्र पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची. ‘बघा साहेब, चावीशिवाय वाजतं!’ बिघाड सोय म्हणून विकला जातो आणि साहेब वर चहा पाजतात. अॅम्प्लिफायरला जागं करणारी निळी वायरही त्याच गाठीत कोंबली असेल, तर तोही रात्रभर जागतो. बंद गाडीने साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत भागवावं. दोघांनी मिळून अर्धा अँपिअर खाल्ला, तरी दिवसाला 12 अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी असते 35 अँपिअर-तासांची. तिसऱ्या दिवशी ती बसली, यात तिचं काय चुकलं?

‘पण नवी बॅटरी टाकल्यावर गाडी चालते ना?’ चालते की, पुढच्या लांबलेल्या सुट्टीपर्यंत. शिवाय वारंवार तळाशी जाणारी बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दुकानात हजर. ‘जुनी होतीच हो!’ असेलही. मग मोजा. विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास आकडा दिसला, तर अल्टरनेटरही बहुधा ठीक आहे. मग गाडी बंद करून निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, मध्ये मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर लावायचा, दारं बंद करून अर्धा तास थांबायचं आणि एकेक फ्यूज उपसायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, चोर त्याच लाइनवर. (मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नये, आधी मीटरचाच फ्यूज जाईल.) याला तासभर लागतो आणि बॅटरी बदलायला दहा मिनिटं. मीटर का निघत नाही, ते यावरून कळावं.

जे आकडे मोजायचे ते मोजायचे नाहीत आणि जे छापलेले असतात त्यांवर मात्र गाढ श्रद्धा. अॅम्प्लिफायरवर सोनेरी अक्षरांत 3000 वॅट आणि मागे फ्यूज 30 अँपिअरचा. 14 गुणिले 30 म्हणजे 420. उरलेले अडीच हजार वॅट फक्त स्टिकरवर वाजतात. फ्यूज बिचारा खरं बोलतो, म्हणून तो उडाला की त्याच्या जागी मोठा बसवतात, नाहीतर चॉकलेटची चांदी. फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून. त्याचं तोंड बंद केलं, की वितळायची पाळी वायरीची. अॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी ‘कुईं’ ऐकू आली, तर तिच्यावर फिल्टर नावाचा ताईत विकतात. खरं तर ती बहुतेक वेळा अर्थिंगची तक्रार असते. रंगावरच आवळलेला बोल्ट खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट करायला पैसे पडत नाहीत, हाच त्या उपायाचा मोठा दोष.

तेव्हा दुकानदार ‘बॅटरी गेली’ म्हणाला, तर वाद घालू नका. गाडी बंद असताना किती करंट जातो, तो आकडा मोजून बिलावर लिहून मागा. नुसती मान हलली, तर जुनी बॅटरी उचला आणि दुसरं दुकान गाठा.