उतार नाही, साहेब

जालना टीव्हीवर दिसतं ते बियाणं, सळई आणि पाण्याचे टँकर यांच्यापायी. चौथं कारण आम्ही सहसा देत नाही. त्यामुळे बोस्टनजवळ राहणाऱ्या भाचीनं फोनवर, "मामा, आमच्या त्या रविवार रात्रीच्या इंग्रजी मालिकांत तुमच्या जिल्ह्यातला एक हिरो आहे," असं सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, "टँकरवर चढलाय का?"

ती ज्या मालिकांबद्दल बोलत होती त्यांचं प्रकरण मोठं आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर १० जानेवारी १९७१ला 'मास्टरपीस थिएटर' सुरू झालं. २००८मध्ये नावातलं 'थिएटर' गळालं, बाकी दुकान तेच. माल बहुतेक विलायतेचा, वितरण बोस्टनच्या केंद्राचं. पूर्वी सुरुवातीला तुताऱ्या वाजायच्या, कातडी बांधणीची पुस्तकं दिसायची आणि खुर्चीत बसलेले एक गृहस्थ आज काय बघायचं ते समजावून सांगायचे. पहिली एकवीस वर्षं हे गृहस्थ म्हणजे ॲलिस्टर कुक. जन्मानं इंग्रज, पोटापाण्यानं अमेरिकन पत्रकार. चहा मांडून ठेवलाय, पण इतिहास ऐकल्याशिवाय कप उचलायचा नाही, असा त्यांचा एकंदर रुबाब. लहान मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट'मधल्या बिस्किटं खाणाऱ्या निळ्या राक्षसानं ॲलिस्टर 'कुकी' होऊन त्यांची नक्कल केली, तेव्हा त्यांच्या थोरवीवर शिक्कामोर्तब झालं. ज्याची नक्कल होत नाही तो निवेदक कसला!

एका गोष्टीची मला गंमत वाटते. १७७६ला ज्या राजाला अमेरिकेनं घालवून दिलं, त्याच्याच देशातले सरदार, बटलर आणि स्वयंपाकिणी बघायला तोच देश पन्नासहून अधिक वर्षं रविवारी रात्री सोफ्यावर बसतो. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' झालं, पुढे 'डाउनटन ॲबी' आलं. मालकाची गादी गेली की त्याचा वाडा बघायला मजा येते. आपल्याला हे काही नवीन नाही. वतनं गेली, पण गढीच्या पडक्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

दूरदर्शनवर आमचेही खुर्चीतले गृहस्थ होते. १९८८पासून 'भारत एक खोज'मध्ये रोशन सेठ नेहरूंच्या वेषात येत आणि पुढचं शतक उघडून देत. 'स्वामी'मध्ये रवींद्र मंकणींचा माधवराव बघून आमच्या गल्लीतली अर्धी मुलं महिनाभर गंभीर चेहऱ्यानं वावरत होती. तेव्हा गच्चीवर एकजण अँटेना फिरवायचा, खालचा ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" पेशवाईबद्दल याहून नेमकं निवेदन मी आजवर ऐकलेलं नाही.

तर भाचीचा हिरो. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराचा रिचर्ड शार्प हा गरिबीतून वर आलेला शिपाई. त्याच्यावरचे चित्रपट ब्रिटनमध्ये आणि 'मास्टरपीस'वर १९९३पासून लागले. शार्प झाला होता शॉन बीन. आता कादंबरीतला शार्प साधा सार्जंट असताना लढाईत जनरल वेलस्लीचा जीव वाचवतो आणि त्याबद्दल अधिकारी होतो. ही लढाई असईची. असई आमच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनकडे. म्हणजे इंग्रजांच्या या लाडक्या नायकाची बढती आमच्या काळ्या मातीत झालेली!

पण पडद्यावर? तिथे तो वेलस्लीला वाचवतो १८०९मध्ये, तिकडे स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत. आणि तेही चित्रित केलं कुठे, तर क्रिमियात. पुढे २००६मध्ये शार्पला एकदाचा हिंदुस्थानात आणला तो राजस्थानात, कारण राजवाडे तिकडे तयार मिळतात. या मालिकावाल्यांचा भूगोल पहिल्यापासून असाच. 'इंडियन समर्स'मधलं सिमला त्यांनी मलेशियातल्या पेनांगला उभं केलं. मी भाचीला म्हटलं, "अगं, आमची नोकरी आमच्याच गावात लागली नाही, बदली थेट क्रिमियाला."

खरी असई मात्र कुठल्याही पटकथेपेक्षा रंगतदार आहे. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची फौज. कवायती पायदळाचा मुख्य पोलमान, हॅनोवरचा जर्मन, जो एके काळी ईस्ट इंडिया कंपनीच्याच नोकरीत सार्जंट होता. दुसऱ्या बाजूला वेलस्ली, कित्येक पटींनी कमी माणसं घेऊन. मध्ये केळणा नदी, पलीकडे जुई, आणि दोन नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांचा तळ. समोरून जावं तर तोफा. वेलस्लीनं स्थानिक वाटाड्यांना विचारलं, खालच्या अंगाला नदी ओलांडायला उतार आहे का? ते म्हणाले, नाही.

इथे मी दर वेळी थांबतो. कारण वेलस्लीनं दुर्बीण लावली, तर नदीच्या अल्याड पिंपळगाव आणि पल्याड वरुड, दोन गावं समोरासमोर. त्यानं हिशेब केला की एवढी जवळजवळ गावं असून मधून येण्याजाण्याची वाट नसणं शक्यच नाही. माणूस पाठवून खात्री केली आणि फौज घातली पाण्यात. त्याचा हिशेब आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पटेल. पल्याडची पोरगी अल्याड दिलेली असते, म्हशी संध्याकाळी पल्याडून येतात, आणि बाजाराच्या दिवशी धोतर गुडघ्यावर खोचून, वहाणा हातात घेऊन अर्धं गाव पाण्यातून चालतं. उतार नसेल तर सोयरिकी जमल्या कशा?

मग ते वाटाडे नाही का म्हणाले? त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यामुळे मला मोकळं रान आहे. एक शक्यता अशी की त्यांनी मुद्दाम थाप मारली; तसं असेल तर त्या दिवशी मराठी दौलतीसाठी सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त केलं ते त्यांनीच. दुसरी शक्यता मला जास्त ओळखीची वाटते. घोड्यावरचा साहेब घाईत काही विचारतोय, हो म्हटलं तर पुढे आपल्यालाच पाण्यात उतरून दाखवावं लागणार, त्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं. तहसील कचेरीत 'साहेब आहेत का' या प्रश्नाचं उत्तर अजूनही याच न्यायानं दिलं जातं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे, किंवा असायला हवं. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजी फौजेची अशी दाणादाण उडवली की जिंकूनही तिचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ भरले. वेलस्लीचे दोन घोडे पडले. तोफा मात्र शंभराच्या घरात आपल्या गेल्या. हाच माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी कुणी विचारलं की लढाईत तुमच्या हातून सर्वांत उत्तम काय झालं, तर वॉटर्लू न म्हणता तो 'असई' म्हणाला, असं सांगतात.

शेजारच्या निवृत्त गुरुजींना हे सगळं सांगून मी म्हटलं, यावर मालिका व्हायला हवी. गुरुजी म्हणाले, "हरलेल्या लढाईवर?" मी म्हटलं, "पानिपत काय जिंकलो होतो?" त्यावर ते थोडा वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "पानिपतात आपण एकत्र तरी गेलो होतो हो. असईला होळकर लांब, पेशवा इंग्रजांच्या मांडीवर. दाखवणार काय?"

गुरुजींचं खरं आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट मालिकेच्या लायकीची आहे. पानिपतात रडायला मिळतं, असईत लाजायला होतं. लाज वाटेल अशा गोष्टी इंग्रजांनी आपल्या आपण दाखवल्या. १९८४च्या 'द ज्युएल इन द क्राउन'मध्ये त्यांच्याच राज्याची शेवटची वर्षं आहेत आणि त्यांचाच एक पोलीस अधिकारी खलनायक आहे. आपल्याकडे ऐतिहासिक मालिकेत भालदार ललकारी देतो, सासू कट रचते, आणि भाग संपतो.

कुणी पटकथाकार वाचत असेल तर त्याला विनंती आहे. नायक वेलस्ली नको, शिंदे नको, शार्प तर नकोच. तो वाटाड्या घ्या. भाषा पुण्याची देऊ नका, जाफराबाद-भोकरदनची द्या, आणि त्याला अख्ख्या मालिकेत 'उतार नाही, साहेब' एवढं एकच वाक्य मिळालं तरी चालेल. चित्रीकरणाला क्रिमियात जायची गरज नाही. जालन्याहून भोकरदनला एसटी असते.