सव्वा डॉलरचा शरद

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास टाउनहाउसांची कुठलीही रांग घ्या, तिथे एक काकू असतातच. शेजारच्या दारात पहिला भोपळा दिसला की त्या आपल्या पोर्चवर येतात आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. पोर्च म्हणजे तीन पायऱ्या आणि वर सहा बाय चारचा सिमेंटचा चौथरा. पुण्याच्या वाड्यात एवढ्या जागेला ओटा म्हणाले असते आणि त्यावर चौघांनी मिळून एक पेपर वाचला असता. इथे ती जागा सजवावी लागते. काकूंनी त्यासाठी पंचवीस डॉलर काढून ठेवलेले असतात. नियम एकच: जे शेवटी पोटात, देवापुढे किंवा मातीत जाणार नाही, ते दारात येणार नाही.

समोरच्याचे नियम वेगळे आहेत. होम डेपोनं २०२० मध्ये बारा फुटी सांगाडा बाजारात आणला, किंमत २९९ डॉलर. समोरच्या अंगणात तो सप्टेंबरपासूनच उभा असतो. काकूंचं त्याच्याशी वैर नाही. त्यांना पडणारा प्रश्न निव्वळ गृहिणीचा आहे: एरवी वर्षभर हा ठेवतात कुठे?

काकूंची खरेदी सुरू होते डॉलर ट्रीमध्ये. या दुकानानं २०२१ च्या अखेरीस एक डॉलरचा भाव सव्वा डॉलर केला, तेव्हा अमेरिकेत बरीच हळहळ झाली. काकूंना मात्र बरं वाटलं. नुसता एक देणं त्यांना कधीच पटलं नव्हतं. ‘सव्वा’ म्हणजे कसं शकुनाचं. तिथून त्या केशरी रिबीन आणि दोऱ्याचं रीळ आणतात. दारावर टांगायच्या गोल हारासाठी मात्र दुकानात जायचं कारण नाही. ड्रायक्लीनरकडून आलेला तारेचा हँगर काका पक्कडीनं वाकवून गोल करतात. गोल जरा लंबगोल होतो. काकू म्हणतात, झेंडू लागला की कळत नाही.

झेंडू घरचा. मागच्या दसऱ्याच्या माळेतली वाळलेली फुलं पेपरात गुंडाळून ठेवायची आणि मे महिन्यात, थंडी पुरती गेली की, चुरडून कुंडीत टाकायची. हे फूल मूळचं मेक्सिकोचं. तिथले लोक नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मृतांची आठवण काढताना त्याचेच ढीग रचतात. म्हणजे दादरच्या फूलबाजारातल्या झेंडूपेक्षा काकूंचा झेंडू माहेराच्या जास्त जवळ आहे. फक्त त्याला दहिवर सोसत नाही. ऑक्टोबरात हवामानखात्यानं पहाटेच्या हिमाचा इशारा दिला की काकू रात्री दहाला बाहेर येऊन कुंड्यांना जुनी सुती साडी पांघरतात.

मोठा खर्च शेवंतीचा. दुकानात ‘मम्स’ म्हणून ज्या गच्च कुंड्या मिळतात, ती आपली शेवंतीच. काका एकदा पूर्ण फुललेली कुंडी घेऊन आले. फुललेली कुंडी आणणं म्हणजे शेवटच्या पंगतीला जाऊन बसणं, असं सुनावून काकूंनी ती परत करायला लावली आणि मुक्या कळ्यांची आणवली. कळ्यांची कुंडी आणखी काही आठवडे चालते. शिवाय रोज सकाळी देवाला दोन फुलं मिळतात. ती फक्त दाराच्या बाजूची खुडायची असतात. म्हणून ऑक्टोबर अखेर ही कुंडी रस्त्यावरून भरगच्च दिसते आणि घरातून बघितली तर तिला टक्कल पडलेलं असतं.

मक्याच्या ताटांची जुडी मात्र काकूंनी एकदाही घेतलेली नाही. खांबाला बांधायला ती इथे विकत मिळते. साताऱ्याकडच्या घरात वाढलेल्या बाईला कडबा दाराशी शोभेला बांधायचा, तोही रोख पैसे मोजून आणि घरात बैल नसताना, हे झेपत नाही.

भोपळ्याची निवड ही तर परीक्षाच. कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि दोरेदार, म्हणून काकू लहान, गोड, पायसाठी विकतात तो घेतात. तो कोरत नाहीत. कोरलेला भोपळा आठवड्याभरात बसतो, अखंड भोपळा थंडीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यावर धुतला जाणारा रंग घेऊन डोळे-तोंड काढायचं आणि दिवाळीनंतर भोपळा नळाखाली धरायचा.

शत्रू एकच, खार. इथल्या करड्या खारी मांजराच्या पिल्लाएवढ्या, आणि पाठीवर रामाच्या बोटांचा मागमूस नाही. एका वर्षी त्यांनी रातोरात भोपळा पोखरला. त्यांनी नेलेला खारीचा वाटा चांगला सिंहाचा होता. तिखट खारींना झोंबतं, पक्ष्यांना झोंबत नाही, हे कळल्यावर काकूंनी दुसऱ्या भोपळ्याला कांदा-लसूण मसाला चोळला. खारी फिरकल्या नाहीत. भोपळा पावसातून आत उचलून आणला काकांनी, आणि त्याच हातानं चष्मा काढून डोळे पुसले.

दसऱ्याला आपटा कुठून आणायचा, याचं उत्तर रस्त्याच्या कडेलाच होतं. इथल्या रानात रेडबड नावाचं झाड असतं. वनस्पतिशास्त्रात ते आपट्याच्या उपकुळातलं, म्हणजे चुलत घराणंच. पान हृदयाच्या आकाराचं, मधे दुभंगलेलं नाही, पण शरदात ते पिवळंधमक होतं. तेव्हा काकूंचं सोनं सातारच्या सोन्यापेक्षा पिवळं असतं आणि झाडाखाली फुकट पडलेलं असतं.

खरी कसोटी लागली २०२४ मध्ये. पुण्याहून बहिणीचा फोन आला, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. पण न्यू जर्सीच्या घड्याळानं अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी लागून १ तारखेच्या सकाळी संपत होती, म्हणजे संध्याकाळ मिळत होती ती ३१ चीच. हॅलोविनची. भुतांखेतांचे पोशाख घालून मुलं खाऊ मागत फिरतात ती वेळ आणि पूजेची वेळ एकच. ज्या दारात दिवा, त्या दारात खाऊ, हा इथला संकेत. आणि काकूंच्या पायऱ्यांवर तर पणत्यांची रांग. मुलांची रीघ लागली. रांगोळीतली लक्ष्मीची पावलं आत येत होती, त्यांच्यावर पाय देत तीन चेटकिणी, एक ममी आणि एक डायनोसॉर आला. आरती करता करता काका प्रत्येकाला दोन-दोन चॉकलेटं देत होते. दारातल्या भोपळ्याच्या कपाळाला काकूंनी हळदकुंकू लावलेलं होतं. आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी आपल्याकडचे कोरीव सलगम सोडून इथला भोपळा हाती घेतला, तेव्हा त्यांच्याही घरी कुणीतरी नाक मुरडलंच असेल.

दुसऱ्या दिवशी समोरच्यानं आपले चार अखंड भोपळे कचऱ्याच्या डब्याशेजारी आणून ठेवले. काकू पदर सावरत रस्ता ओलांडून गेल्या. “घेऊ का?” त्यानं आनंदानं दोन स्वतः उचलून आणून दिले.

ते पाणचट निघाले. काकूंनी किसून, पिळून, गुळात आटवून, मावेल तेवढी कणीक घालून घारगे केले आणि भाऊबीजेला ताटलीत झाकून समोर नेले. समोरचा शिडीवर होता. सांगाडा कमरेपर्यंत उतरवला होता, दोन पाय तेवढे उभे होते. त्यानं उभ्या उभ्याच तीन घारगे खाल्ले आणि विचारलं, हे कुठलं फळ, भारतातून येतं का?

काकूंनी गवतावर पडलेल्या कवटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“छे,” त्या म्हणाल्या, “इथलंच. तुमच्याच अंगणातलं.”