गाडी बघणारे अण्णा

बेळगावच्या शहापुरात कुणी जुनी गाडी घ्यायची ठरवली की "कुठली घेणार?" असं कुणी विचारत नाही. "बघायला कुणाला नेणार?" असं विचारतात. खडे बाजारापासून वडगावपर्यंत गल्लीगल्लीत या कामाचा एकेक माणूस ठरलेला असतो. कुणी त्याला तात्या म्हणतं, कुणी मामा. आपण अण्णा म्हणू.

अण्णांच्या स्वतःच्या दारात चारचाकी नसते. एक स्कूटर असते, आणि ती अंगावर तिरकी घेतल्याशिवाय सुरू होत नाही. पण दुसऱ्याच्या गाडीतली खोट काढायला स्वतःची गाडी कशाला लागते? नजर लागते, आणि ती आपल्याकडे उपजत आहे याबद्दल निदान अण्णांना तरी शंका नाही. उद्यमबागेत लेथवर उभं आयुष्य गेल्यामुळे अर्ध्या सुताचा फरक त्यांना डोळ्यानं कळतो. निवृत्तीनंतर ही नजर ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. तो गल्लीनं सोडवला.

घाई हा प्रकार अण्णांच्या रक्तातच नाही आणि त्याला इतिहासही आहे. बेळगाव धुळवडीला रंग खेळून मोकळं होतं. शहापूर सांगली संस्थानातलं, त्यामुळे ते रंगपंचमीपर्यंत थांबतं. मधल्या चार दिवसांत रंग नीट बघून घेत असावेत. शिवाय हे विणकरांचं गाव. इथली बाई लुगडं बघताना आधी उलटं करते, कारण सुलटी बाजू दुकानदार दाखवतोच. अण्णा गाडीही तशीच बघतात. मालक चकचकीत बॉनेट दाखवत असतो तेव्हा अण्णा डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात डोकं घालून बसलेले असतात.

अलीकडे अण्णांना फार मागणी आहे आणि ती बहुतेक डिझेल हॅचबॅकसाठी. कारण सरळ आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा आलं आणि मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. म्हणजे आज बाजारात असलेली सगळ्यात तरुण स्विफ्ट डिझेलसुद्धा बऱ्यापैकी पळून आलेली आहे. तरी रोज गोकाक नाहीतर चंदगड करणाऱ्याला तीच हवी असते. तिच्यातलं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं. मारुतीनं ते स्विफ्ट-रिट्झमध्ये घातलं, टाटांनी व्हिस्टात, फियाटनं स्वतःच्या पुंटोत. लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. अण्णा म्हणतात, "राष्ट्रीय हाय म्हणूनच तर कुणी जबाबदारी घेत न्हाय."

गल्लीतल्या एका तरुण सरांसाठी अण्णा निपाणीला गाडी बघायला निघाले, तेव्हा मीही मागच्या सीटवर होतो. गाडी २०१३ची स्विफ्ट, मालक तंबाखूतले व्यापारी, मीटर ७८ हजार. ७८ हजार ऐकूनच अण्णांचा चेहरा पडला. डिझेल गाडी घ्यायची आणि वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर फिरवायची, असा व्यापारी निपाणीत तरी त्यांनी पाहिला नव्हता.

पोचल्या पोचल्या अण्णांनी कुणाला रामराम घातला नाही. सरळ बॉनेटवर तळवा ठेवला.

"सावकार, गाडी कवा चालू केलासा?"

"आत्ताच की. धुवायला भाईर काढल्ती."

"मग आमी च्या घेतो. गार हू दे."

सर घड्याळ बघू लागले. पण अण्णांचं म्हणणं असं की तापलेलं डिझेल इंजिन कुणाचंही गोड वाजतं. खरं काय ते पहिल्या स्टार्टला कळतं. या इंजिनात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. ती सैल झाली असेल तर गार इंजिन सुरू होताना खडखडते आणि तापल्यावर गप्प बसते. दोन चहा, एक भज्यांची बशी आणि तंबाखूच्या दरावरची सविस्तर चर्चा झाल्यावर गाडी सुरू झाली. अण्णांनी एका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. फोन आल्यासारखे मधून मधून "हां... हां..." करत होते.

मग त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढून तिथंच तोंडावर उलटं ठेवलं. झाकण थरथरलं, पण उडालं नाही. अण्णांच्या शास्त्रात हे मोठं शुभलक्षण. झाकण नाचायला लागलं किंवा तोंडातून भकाभका धूर आला, तर रिंगा-पिस्टन झिजलेत, बॅक कॉम्प्रेशन मारतंय असं समजायचं आणि चपला घालायच्या. सायलेन्सरमागं उभं राहून त्यांनी सरांकडून अॅक्सिलरेटर दाबून घेतला. धुराबद्दलचे त्यांचे नियम पाठ आहेत. थोडा काळा दिसला तर इंजेक्टर बघावेत, निळा दिसला तर गाडी ऑइल पिते, आणि पांढरा गरम झाल्यावरही गेला नाही तर आपण जावं. टर्बोच्या पाइपात बोट घालून त्यांनी ते नाकाशी नेलं. नुसता ओशटपणा होता. "चालतंय," म्हणाले आणि बोट सरांच्या रुमालाला पुसलं.

क्लचची परीक्षा मालकाच्या काळजाला लागली. अण्णांनी हॅंडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. मालक ओरडले. अण्णा खूश झाले, कारण क्लच घसरत असता तर इंजिन बंद न पडता नुसतंच फिरत राहिलं असतं. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पुरतं वळवून दोन्हीकडं गोल गोल घेतली. चाकातून कटकट आली नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट शाबूत. पुढं एसी लावून तवंदी घाट तिसऱ्या गिअरवर चढवला. सगळा वेळ अण्णांची नजर टेम्परेचरवर. घाटाकडं एकदाही बघितलं नाही.

पुराचं प्रकरण वेगळंच. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, कोल्हापूर-सांगलीकडं तर गल्ल्याच्या गल्ल्या बुडाल्या. त्या पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. म्हणून अण्णा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतात, कारण आत गुंडाळलेल्या टोकावर गाळाचा डाग धुवायचं कुणाला सुचत नाही. सीटच्या पट्ट्यांचा गंज बघतात. कार्पेटखाली हात घालून वास घेतात. त्या वेळी त्यांना बोललेलं चालत नाही.

काचांवरचं साल, टायरवरचे चार आकडे (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे), बॉनेटच्या नटांवर पान्याच्या खुणा, पेडलचं झिजलेलं रबर हे सगळं पेनाएवढ्या टॉर्चनं बघून झालं. ड्रायव्हरच्या दारातल्या खांबावर ऑइल बदलल्याचा एक छोटा स्टिकर होता. अण्णा तिथं थांबले. चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी मोठ्यानं वाचलं, "पुढील सर्व्हिस : १,७२,०००."

मीटर ७८ हजार.

"ते आधीच्या मालकाच्या वेळचं असंल ओ," व्यापारी म्हणाले.

"मग त्यो पुढच्या जन्मातनं आलता काय?"

यावर तिथं कुणी काही बोललं नाही. खरी गंमत परतीच्या वाटेवर झाली. अण्णा हळहळत होते! गाडी चांगली होती म्हणे. इंजिन ठणठणीत, क्लच नवा, पुराचा डाग नाही. "एक लाख सत्तर हजार पळालीय म्हणून सांगितलं असतं, तर घ्या म्हटलं असतं की ओ सर. पळालेल्या गाडीला मी भीत न्हाय. मीटर मागं घेतलेल्या गाडीला भितो. आज मीटर फिरवलं, उद्या काय काय फिरवलेलं निघंल?" अण्णांच्या बोलण्यात एवढं एकच वाक्य मला शंभर टक्के पटलेलं आहे. दोन लाख किलोमीटर नीट ऑइलपाणी करून चाललेलं डिझेल इंजिन, लबाडीच्या साठ हजारांपेक्षा केव्हाही बरं.

कागदांच्या बाबतीत मात्र अण्णा थोडे कडवटच आहेत. सीमाभागाचं दुखणं ते. कोल्हापुरात एमएच-०९ची गाडी स्वस्त मिळते म्हणून लोक धावतात. मग इथं कायम ठेवायची तर अठ्ठावीस नंबरच्या फॉर्मची एनओसी, कर्नाटकाचा आजीवन कर, केए-२२चा नवा नंबर. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर बारा महिन्यांपेक्षा जास्त फिरवता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर पस्तीस नंबरचा फॉर्म वेगळा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; एनओसीचं काम त्याच्या आधी होतं, पण फार आधी नाही, असं अण्णांचं निरीक्षण. दिल्लीच्या नंबराची गाडी तर ते बघायलाच जात नाहीत. हरित लवादानं २०१५ साली तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, तेव्हापासून तिकडची प्रत्येक स्वस्त गाडी त्यांना घराबाहेर काढलेल्या पाहुण्यागत दिसते.

आता अण्णांचा दोष. त्यांना गाडी नापसंत करायची इतकी सवय झालीय की पसंतीचा शब्दच त्यांच्याकडं उरलेला नाही. शेवटी सरांना खासबागेत एक रिट्झ मिळाली. मीटर दोन लाख दहा हजार, आणि सोबत पहिल्या सर्व्हिसपासूनच्या बिलांची जाड फाइल. अण्णांनी फाइल पानन् पान वाचली, आकडे बोटावर मोजले, सर्व्हिस सेंटरला फोन लावून नंबर पडताळला. झाकण नाचलं नाही. स्टिकर खरं बोलला. तासाभरानं ते एवढंच म्हणाले, "वाईट न्हाय." सरांनी तिथल्या तिथं टोकन दिलं. त्यांना अण्णांची भाषा येऊ लागली होती.

रिट्झ अजून गल्लीत उभी असते. सर पुढं जाऊन बसायच्या आत अण्णा रोज सकाळी खाली वाकून ऑइल गळतंय का ते बघतात. गळत नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटत असावं.

तुम्हाला जुनं डिझेल घ्यायचं असेल तर तुमच्या गल्लीतले अण्णा शोधा. त्यांना भल्या सकाळी घेऊन जा, म्हणजे गाडी गार सापडेल, आणि निघण्याआधी मालकाला फोन करू नका. खिशात टोकनापुरतेच पैसे ठेवा. आणि अण्णांना किंमत सांगताना मालकानं सांगितली त्यापेक्षा दहा हजारांनी जास्त सांगा. त्यांनी ती पाडून दिली की त्यांचा दिवस चांगला जातो आणि तुमचं काही जात नाही.